साडेबारा टक्के

घणसोलीत आमच्या साडेतीन मजली घरात
(वरचा अर्धा कसा चढला, तो विषय नको)
हेमूने कपाटातून जुना पीएसपी काढला.
डावं बटण ढिलं, मागच्या झाकणाला चिकटपट्टी.

आत्याच्या हळदीची कॅसेट ब्याण्णवची,
तिची नंतर कुणीतरी सीडी केलेली.
फाईल आठशे एमबी,
कार्डावर जागा शंभर.
रात्रभर कम्प्युटर घुमत राहिला.
दोनदा पडद्यावर आलं, हा डेटा चालत नाही.
नाव बदललं, फोल्डर बदलला, चाललं.

फक्त आवाज चित्राच्या अर्धा सेकंद पुढे.
आत्या आधी हसते,
मग तिचं तोंड उघडतं.

बाबा चष्मा कपाळावर सारून
तळहाताएवढ्या मांडवात वाकले.
बघा, तुम्ही नाचताय, आम्ही म्हटलं.
त्यांनी स्वतःकडे बघितलंच नाही.
"थांबव रं. मांडवामांगं काय हाय?"

मांडवामागे करडा पट्टा.
मी मोजले, अकरा चौकोन,
त्यातले दोन थरथरणारे.

"ती आपली खार. यो बांध. आन उघाडी इथं,"
दाखवायला अंगठा नेला
तर अंगठ्याखाली सगळीच गेली.

हेमू ओशाळला. एवढं बारीक केलं म्हणून फुटतंय,
मूळ फाईलच्या साडेबारा टक्केच उरलंय ना.

बाबा हसले.
आधी आवाज आला की आधी चेहरा,
मला सांगता येणार नाही.
"बरोबर केलास," म्हणाले,
"आमाला पन तवराच दिलता."

बॅटरीचा दिवा नारिंगी लुकलुकू लागला.
चार्जर वरच्या मजल्यावर होता.
कुणी उठलं नाही.