उभी किती असते

तुर्भ्याला, ट्रक टर्मिनलच्या मागच्या गल्लीत
धर्माजी कडूंचं दुकान.
पाटी कधीच गेली, नुसता खिळा आहे,
ट्रकवाले खिळा बघूनच वळतात.

मी यादी घेऊन गेले होते.
किती अँपिअर, पहिल्या चावीला किती झटका,
आत पाणी की काचेची लोकर,
गाडी कलली तर सांडणारी की न सांडणारी.
तीन रात्री जागून केलेली यादी,
एक्स-रे विभागाच्या पाठकोऱ्या कागदावर.

त्यांनी ती घेतली,
तिच्यावर चहाचा ग्लास ठेवला.
"गारी जाते कुठं?"

सांगितलं. जरा फुगूनच सांगितलं.
पारसिकच्या बंद खाणीत,
जिथला दगड शहराने नेला आणि उतार तेवढे ठेवले.
बोनेटपर्यंत चिखल. विंचच्या दोरीने
एकदा आख्खा ट्रॅक्टर ओढून काढला
(लहान होता, ते नाही सांगितलं).

"आन् उभी किती असते?"

हा प्रश्न यादीत नव्हता.

खाण महिन्यातून एकदा.
खरं म्हणजे दोन महिन्यांतून. खरं म्हणजे
फिरदोस मस्कतला गेल्यापासून दोनदाच.
बाकी कोपरखैरण्याला, सोसायटीच्या टाकीशेजारी,
कव्हरखाली;
दिवाळीत वॉचमनची मांजर तिच्या बोनेटवर व्यायली.

कडू बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "दगडानं नाय मरत बॅटरी.
उभ्या उभ्या मरते.
चावी तुमच्या पर्समधी, दिवे बंद,
तरी टेपचं घड्याळ थेंब थेंब पीत बसतं.
तुम्ही म्हनता, गारी तर झोपलीय."

मग त्यांनी जुनी बाहेर काढली.
टर्मिनलवर मोरचुदी बुरशी,
कोपऱ्याला केसाएवढी चीर.
"हां," ते म्हणाले, "हिला थोरं दगडानंपन मारलंय."
पट्टी सैल होती. पट्टीखाली
मी चपलेचा तुकडा कोंबलेला.
"कोल्हापुरी?"
"नाही. हॉस्पिटलची स्लीपर."
त्यांचा पोऱ्या हसता हसता पाना विसरला.

फळीवर दोन होत्या.
एक लाल, वाघाचं तोंड छापलेली.
एक करडी, बोडकी, झाकणाला भोकच नाही.
"उचला," कडू म्हणाले.
वाघ सहज उचलला गेला.
करडीला मला पाय फाकवून उभं राहावं लागलं,
रुग्णाला टेबलावर घेताना राहते तशी.
"शिसं आहे आत. चित्र नाय."

तिच्या कडेला ठोकलेले आकडे त्यांनी बोटाने वाचले
आणि मान हलवली.
"ही आठ महिने माझ्याकडंच बसलीय.
बसलेलीला बसलेली कशाला?
मागची देतो. परवाच उतरली टेम्पोतनं."

बारा हजार चारशे, जुनी देऊन.
वॉरंटीकार्डावर गाडीचा नंबर,
"वापर" या रकान्यात त्यांनी विचारून न विचारून
"फिरती" असं लिहिलं.
खाली ट्रकच्या ट्यूबचा जाड तुकडा कापून घातला,
पट्टी आवळली, मग बॅटरी धरून
अख्खी जीप हलवून पाहिली.
बॅटरी हलली नाही. जीप हलली.

"आठवड्याला एकदा फिरवा.
जागेवर चालू करून बंद करू नका,
ती फसवनूक झाली."

महापे सिग्नलला उगाचच इंजिन बंद केलं.
परत चावी दिली. अर्ध्या वळणात लागलं.
मागचा रिक्षावाला माझ्या आईवरून काही बोलला,
तेही गोड वाटलं.

मंगळवारी दुपारपाळी सुटली तेव्हा साडेदहा झाले होते.
मांजरीला उतरवलं, कव्हर काढलं,
घणसोलीच्या खाडीकडच्या रस्त्याने निघाले.
काही काम नव्हतं.
शेजारची सीट अजून पुढे ओढलेलीच,
फिरदोसचे पाय तोकडे.
टेपवरचं घड्याळ नव्या बॅटरीने
पुन्हा शून्यापासून धरलं होतं,
बारा वाजून चार मिनिटं, बारा वाजून पाच.
ते नेहमी तीच लावायची.
मला त्याची बटणंही माहीत नाहीत.