बावीसशे पन्नास चिरे

घर उभं राहिलं तेव्हा गवंडी मोजून म्हणाला,
बावीसशे पन्नास चिरे लागले.
कर्ज नऊ लाख. वीस वर्षं.
हेमांगीने लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर भागाकार मांडला:
एका चिऱ्याला चारशे रुपये.
वाळू, कौलं, सुताराची मजुरी, सगळं त्यातच.
"आता कळलं," म्हणाली.
मला काहीच कळलं नव्हतं.

मी बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहितो.
लादी साच्यातून निघते तेव्हाचं वजन
आणि होडीवर चढते तेव्हाचं,
यांतला फरक रोज पाण्याच्या नावे टाकतो.
वाटायचं, कर्जही असंच असेल,
नुसतं उन्हात ठेवलं तरी उतरेल.

पहिल्या वर्षी भरले सत्त्याण्णव हजार.
बँकेच्या कागदावर मुद्दल उतरलं सोळा हजार आठशे.
बेचाळीस चिरे.
न्हाणीघराची एक भिंतसुद्धा पुरती आपली नाही,
आणि आपण घरभर पाय पसरून झोपतो.

आतल्या गिलाव्याचे पैसे बाजूला काढले होते.
ते तिने परत डब्यात टाकले.
वाटीत चुना कालवला,
शर्वाणीचं बोट धरून त्यात बुडवलं
आणि जमिनीलगतच्या रांगेपासून
बेचाळीस ठिपके लावून घेतले.
पोर चार वर्षांची. तिला तो खेळ वाटला.
मलाही, थोडासा.

मग दर महिन्याला हप्त्याच्या वर सात चिरे.
फॉल-बिडिंगचे पैसे डब्यात.
बांगड्याच्या दिवसांत माझ्या रात्रपाळीचे डब्यात.
जून-जुलैत होड्या वर ओढलेल्या,
कारखाना बंद, पगार अर्धा,
म्हणून मे सरायच्या आत डबा बँकेत रिकामा करायचा.
साहेब म्हणाले, एवढी घाई कशाला?
हवं तर हप्ता कमी करून देतो.
हेमांगी काउंटरवर दोन्ही कोपर टेकून उभी:
"हप्तो तसोच ऱ्हवांदे. वर्सां कमी करा."
दर मे महिन्यात तेच वाक्य.
पुढेपुढे शिपाईच ते साहेबांना सांगायला लागला.

एका वर्षी मी पंचवीस चिऱ्यांचा मोबाइल घेतला.
ती भांडली नाही.
नुसती भिंतीकडे बघत भात कालवत बसली.
असं भांडण मी पुन्हा ओढवून घेतलं नाही.

सायकल मात्र राहिली.
शर्वाणी सहावीत होती, शाळा अडीच किलोमीटर.
पुढच्या वर्षी, म्हणालो.
पुढच्या वर्षी पत्रा उडाला.
त्याच्या पुढच्या वर्षी तिनेच विचारायचं सोडलं.
ती चालत गेली, चालत आली,
आणि महिन्याच्या पाच तारखेला, न सांगता,
वाटीत चुना कालवून सात ठिपके लावत राहिली.

बाराव्या वर्षी, मेमध्येच, शेवटचा चिरा.
साहेबांनी कागदपत्रांची फाइल दिली, वर पेढा दिला.
पेढा हेमांगीने रुमालात बांधून घरी आणला.
शर्वाणीला म्हणालो, चल, सायकल बघून येऊ.
"आता कॉलेज सावंतवाडीला, बाबा," म्हणाली. "एसटीने."
तिच्या आवाजात राग नव्हता.
असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

आज गिलाव्यासाठी गवंडी आलाय.
सामान उतरवलं, फळी टेकवली.
भिंतीसमोर उभा राहून तो जरा थांबला.
खालच्या रांगांतले ठिपके चण्याएवढे.
गुडघ्याच्या उंचीवर जरा मोठे.
खिडकीच्या चौकटीपाशी हेमांगीचे दोन-तीन,
पोर तापाने पडलेली तेव्हाचे, घाईघाईत ओघळलेले.
आढ्याखाली थेट तिच्या आजच्या बोटाएवढे,
स्टुलावर चढून, हात ताणून लावलेले.

"खयसून सुरवात करू?" गवंडी विचारतो.
हेमांगी त्याला चहा देते.
तो चहा संपवून कप खाली ठेवतो.
ती आणखी ओतते.