तारखेचा रकाना

गावातल्या एकशे बारा बायांच्या तारखा माझ्या वहीत आहेत.
कुणाची अमावास्येला, कुणाची बाजाराच्या दिवशी,
सिरसाटांच्या सुनेची तर इतकी नेमानं
की तिच्यावरून मी गॅसचा नंबर लावते.
एकशे तेरावी मी.
माझा रकाना कोरा.

आज एकवीस दिवस वर झाले.

आपल्यात म्हणतात, पाळी चुकली.
जशी बेरीज चुकते, वाट चुकते,
वर्गात पोरगी उत्तर चुकते आणि छडीपुढे हात धरते.
आणि दिवस गेले म्हणा, दिवस राहिले म्हणा,
अर्थ एकच.
तेच दिवस जातात कसे आणि राहतात कसे,
बारा वर्षं आशाचं काम करून हे कधी मनात आलं नव्हतं.

बेचाळिसावं लागलं मला.
या वयात मागेपुढे होतंच,
तक्त्यावर बोट ठेवून मीच सांगते:
रक्त कमी असलं, काळजी असली, थायरॉईड असलं,
वजन एकदम उतरलं, तरी लांबते.
लांबली म्हणजे राहिलंच असं नाही, बाई.
हे वाक्य इतक्या ओसऱ्यांवर बोललेय
की ते आमच्या विहिरीच्या पाण्यासारखं झालंय,
खारं आहे हे फक्त पाहुण्याला कळतं.

तो अकोटच्या जिनिंगवर असतो. शनिवारी येतो.
मी शनिवार मोजले. सात.
त्यातले चार तो आलाच नाही.
उरले तीन.

आणि शुक्रवारी दर्यापुरात
माझ्या लेकीचं डोहाळजेवण.
हिरवी साडी ट्रंकेत घडी करून ठेवलीय.
रात्री उठून दोनदा ती ट्रंक उघडली, उगाच.
माय अन् लेक एकाच साली पोटुशी,
गावाला वर्षभर पुरेल.

पिशवीत निश्चयचं एकच किट उरलेलं.
पुढची पेटी सोमवारी येणार.
पहाटेची पहिली लघवी, तीन थेंब, पाच मिनिटं,
सगळं ठरवून झोपले.

साडेचारला मागच्या दाराची कडी वाजली.
दीपमाला. एकोणिसावं सरलंय. पायात धावायचे बूट.
पोलीस भरतीसाठी कालव्याच्या रस्त्यावर रोज पळते,
आणि दिवस काढते बशीभर पोह्यांवर.
"मावशी, अकरा दिवस झाले.
कोनाले सांगू नोका."
एवढं बोलून ती न्हाणीच्या दगडाकडे बघत राहिली,
जिथं मी आत्ता बसणार होते.

कोण, ते मी विचारलं नाही.
जबरदस्ती नव्हती ना, एवढंच विचारलं.
तिनं नाही म्हणून मान हलवली.
मग मी पिशवीत हात घातला.

पाच मिनिटं तिनं मनगटावरच्या घड्याळात मोजली,
शर्यतीत मोजतात तशी, सेकंदासकट.
एकच रेघ.
ती रडली, नाक पुसलं, हसली,
आणि परत घाबरून म्हणाली,
"मंग आली काहून नाई?"
"अंगात रक्त असंन तं येईन ना व, पोट्टे.
पयले पोटभर जेव. गूळ-शेंगदाने खा.
दवाखान्यात येजो, रक्त तपासू.
आठ दिवसांत नाई आली तं पुन्हा पाहू."
दारातून वळून ती म्हणाली,
"तुमाले कसं सगळं मालूम असते, मावशी?"

तिच्या बुटांचा आवाज कालव्यापर्यंत ऐकू येत होता.

मी वही काढली.
एकशे तेरा. पुष्पलता उद्धव तायडे. वय बेचाळीस.
शेवटच्या पाळीची तारीख, पेनानं.
आणि शेऱ्याच्या रकान्यात, सवयीनं,
घरी भेट दिली, समजावून सांगितले.

खोडलं नाही.
सोमवारच्या आधी शुक्रवार आहे.