डाळीतला कापूस

आईला लिहिता येत नव्हतं,
म्हणून खानावळीची वही माझ्या अक्षरात आहे.
चौथीतलं अक्षर, गोल, वेलांट्या ओळीबाहेर पळणाऱ्या.
ती चुलीपाशी बसून सांगायची:
घाडी नारू, साचेखातं, तिकीट चारशे सतरा, दोन वेळ.
शेलार दगडू, त्रासन, रात्रपाळी, एकच वेळ, भाकरी जास्त.
मल्लय्या गुंडेटी. त्याला तिखट वेगळं काढ.

घाडी तिघे होते, शेलार चार.
म्हणून ती माणसांना नंबरानंच हाक मारी,
"चारशे सतरा, ताट घे,"
आणि चारशे सतरा हात धुऊन येई,
केसांत, भुवयांत, कानाच्या पाळीवर कापूस.
पंख्याखाली बसला की तो उडे
आणि डाळीत पडे.
आम्ही सगळ्यांनीच तेव्हा थोडा थोडा कापूस खाल्ला.

चाळीस ताटं, दहा बाय बाराची खोली.
एक पाळी उठे, दुसरी बसे,
पाटांना गार व्हायला सवड नसे.
बोनसच्या दिवशी
डिलाईल रोडवर आईइतकी श्रीमंत बाई नव्हती.
दिवेलागणीपर्यंत ती श्रीमंती वाण्याकडे पोचायची.

मग जानेवारी.
भोंगा थांबला, आणि आईचा भात करपू लागला;
तिचं घड्याळ तेवढंच होतं.
"लिही, पुढच्या महिन्यात." लिहिलं.
"लिही, मिटलं की." लिहिलं.
उन्हाळ्यात नारू गावाहून दोन पायली तांदूळ घेऊन आला,
म्हणाला, यातून जेवढे फिटतील तेवढे फेडा.
आईनं त्यातलेच शिजवले, त्यालाच वाढले.
हात आखडता घेणं तिला जमलं नाही,
डाळ पातळ करणं जमलं.
आधी मोठं पितळी पातेलं गेलं, मग परात,
मग एक दिवस तिचं नाक मोकळं दिसलं.
नावापुढे मी 'गावी' लिहू लागले.
गावी. गावी. गावी.
एकदा 'वारला' लिहिलं,
ते तिनं खोडायला लावलं. हिशेबाच्या वहीत नको, म्हणाली.
शेवटच्या पानावर एकच ताट आहे,
शेलार दगडूचं. त्याला गावच नव्हतं.

परवा नारूचा नातू आला.
घरांची सोडत निघतेय, आजोबा कामाला होते याचा पुरावा मागतात.
पगारचिठ्ठ्या वाळवीनं खाल्ल्या, पास पुरात गेला,
तुमच्याकडे काही?
मी वही काढली. त्यानं फोनवर पानाचा फोटो घेतला.
कचेरीतल्या बाईंनी चष्मा वर करून पाहिलं म्हणे,
अक्षर गोड आहे, पण हे ग्राह्य नाही.
तरी नंबर मिळाला. नंबरावरून मस्टर सापडलं,
आणि मस्टरात नारू, अंगठ्याच्या ठशासकट.
पेढे घेऊन आला पोरगा. घर पनवेलच्याही पुढे आहे,
पण घर आहे.
पेढा मी आईच्या फोटोपुढे ठेवला.
तिचं नाव कुठल्याच मस्टरावर नाही.
तिला तिकीट नव्हतं. तिनं फक्त
सकाळी चारला चूल पेटवली, वीस वर्षं.

माझी लेक चौदाव्या मजल्यावर कामाला आहे.
खाली साचेखातं होतं, असं मी सांगते,
तिला ते जमिनीत पुरलेलं वाटतं.
पहिल्या पगाराला तिनं मला तिथंच जेवायला नेलं.
हॉटेलात भिंतीवर धोटे ओळीनं लावलेत,
तेल पुसून, खाली पिवळे दिवे.
एकाचं टोक चेपलेलं होतं. मी हात लावला,
तर पोऱ्या धावत आला, मॅडम, शोचं आहे.
गारवा इतका की पदर लपेटून बसले.
लेक खुशीत होती. तिच्या खुशीत मला खोट काढायची नव्हती.

वाटी आली तेव्हा मात्र
सवयीनं उजेडाकडे तिरकी धरली.
डाळ स्वच्छ होती.
खाल्ली. बरी होती. मीठ कमी.