आज्ञेचे दोन भाग

सराव पाठ क्रमांक सतरा. इयत्ता सहावी ब.
शिवडी, महापालिकेची शाळा, दुसरा तास.
मैदान म्हणजे दोन इमारतींमधली फरशी,
कोपऱ्यात कुणाचा तरी बंद पडलेला टेम्पो
आणि टेम्पोखाली निवांत मांजर.
मी प्लास्टिकच्या खुर्चीत, गुडघा लांब करून,
मांडीवर निरीक्षणाची वही.

छात्राध्यापक : विनेश तांडेल, खारदांडा.
पांढरी पँट कडक इस्त्रीची,
गळ्यात शिट्टी, बोटांना फक्की.
मुलाखतीला स्वतःचं नाव सांगायला
याने जेवढा वेळ घेतला, तेवढ्यात
भाटवडेकर सरांनी अर्ज बाजूला सारला होता.
"शाळेत ओरडावं लागतं हो," ते मला म्हणाले,
त्याच्या समोरच,
जणू तोतरा माणूस बहिराही असतो.
मी अर्ज परत ओढला. दया नव्हती ती.
मला त्याचे खांदे दिसले होते,
वल्हं मारणाऱ्याचे, दोन्ही सारखे.

पहिल्याच सत्रात आम्ही शिकवतो :
आज्ञेचे दोन भाग असतात.
पहिला सूचनेचा, लांबवायचा.
दुसरा कृतीचा, तोडून टाकायचा.
मध्ये एक थांबा.
त्या थांब्यात ऐकलेलं
कानातून पायापर्यंत उतरतं.
थांबा किती, ते पुस्तकात नाही.
बहुतेक जण घाई करतात.
मीही करायचे.

सत्तेचाळीस मुलं रांगेत, एक पायरीवर.
"साव..."
आणि शब्द अडकला,
गळ खडकात अडकावा तसा.
माझं पेन 'आवाज' या रकान्यावर, पाचपैकी.
आता मागून हसू फुटणार.
तीस वर्षं ओळखते मी ते हसू,
बहुधा उजव्या टोकाकडून येतं.
आलं नाही.
मुलं पुढे झुकली होती,
अर्धा शब्द हातात धरून
उरलेल्याची वाट बघत.
"...धान!"
चौऱ्याण्णव टाचा, एकच आवाज.
मांजर उठून गेलं.

पायरीवरच्या इक्राकडे चिठ्ठी होती आईची.
त्याने ती वाचली, घडी केली, खिशात घातली.
आमच्या वेळी अशा मुलींची वेगळी रांग असे,
गुरुजी तिला 'आजारी रांग' म्हणत
आणि सगळा वर्ग वळून बघे.
मी उभी राहिले आहे त्या रांगेत.
त्याने तिच्या हातात स्टॉपवॉच दिलं.
लंगडीचे सगळे डाव तिने मोजले,
एका मुलाशी दोन सेकंदांवरून भांडलीसुद्धा.

मग आरोग्याची दहा मिनिटं.
रात्र जागून रंगवलेला तक्ता :
दूध, अंडं, केळं, पालेभाजी.
"सकाळी आपण काय घ्यायला हवं? च... च..."
त्याला म्हणायचं होतं चौरस आहार.
"चहा!" सगळा वर्ग ओरडला.
"चहा आणि खारी!" इक्रा पायरीवरून.
तो हसला. तक्ता गुंडाळला.
खडूने भिंतीवर 'चहा' लिहिलं
आणि तिथून सुरुवात केली :
खारी नसेल तेव्हा काय?
काहीच नसेल तेव्हा, तिसऱ्या तासाला, पोटात कसं होतं?
मुलं सांगत गेली. मी लिहायचं विसरले.

घंटा झाली. रकाने तसेच.
टाचणाप्रमाणे पाठ झाला नाही.
वेळेचं नियोजन : तीन मिनिटं जास्त.
साहित्याचा वापर : तक्ता न उघडता परत.
आवाज.
आवाज.
इथे मी काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

तो समोर येऊन उभा राहिला.
"मॅडम, क... क..."
वर्षभर लागलं मला हे शिकायला,
त्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही.
शिकवलं कुणी नाही. अभ्यासक्रमात नाही.
मी गुडघा चोळत बसले.
कुठल्याशा वर्गात पाढे चालले होते.
"...कसा झाला?"

"फक्कीची रेघ वाकडी होती," म्हटलं.
"टे... टेम्पो मध्ये येतो, मॅडम."
"मग उद्या पावणेसातला ये.
आधी टेम्पो ढकलू."