स्थिर आकार

गुरुवारी दहा ते बारा, ग्रिम्सबीच्या लायब्ररीत
मी लोकांना विजेची बिलं समजावून देतो.
फुकट. हीटर चालू असतो, म्हणूनही काही जण येतात.

एनिड प्रॉक्टर आली ती बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन.
आत वर्षभराची बिलं, रबर लावून,
आणि तळाशी एक कोटाचं बटण.
"करार संपतोय," म्हणाली, "स्वस्तातलं काय ते सांग.
शेजारीण म्हणते, मी खुळ्यासारखी जास्त भरते."

पोस्टकोड. घर? रांगेतलं, दोन खोल्या वर, दोन खाली.
ऊब गॅसची; त्याचं नंतर बघू.
गेल्या वर्षीचे युनिट?
चार हजार सहाशे.

एवढ्याशा घराला फारच झाले.
पण समोर बसलेल्या बाईला
"इतकं जाळता तरी काय?" असं विचारायचं नसतं,
हे मी पहिल्याच हिवाळ्यात शिकलो.

यादी आली. सगळ्यात वर:
युनिटला तेवीस पेनी, स्थिर आकार रोजचा अठ्ठावन्न.
"स्थिर आकार म्हणजे रे?"
म्हणजे काही न जाळता नुसतं जोडलेलं राहण्याचे पैसे.
दिवा लावा, न लावा. घरी असा, नसा.
"क्लिफर्डच की," ती हसली. "खुर्चीत बसून, आणि खर्च चालू."

खालच्या ओळीत आकार एकतीस, पण युनिट सत्तावीसला.
"वरचं घ्या. वर्षाला पंच्याऐंशी पौंड वाचतात."
मी हिरव्या बटणाकडे निघालो होतो
तेवढ्यात फॉर्मनं विचारलं:
घरात माणसं किती?

"दोन."
डब्याचं झाकण लावलं. काढलं.
"मार्चपर्यंत दोन."

ऑक्सिजनचं यंत्र होतं, जिन्याखाली.
रात्रंदिवस घुमायचं.
त्याच्या विजेचे पैसे वेगळ्या पाकिटातून परत यायचे,
म्हणून तिनं ते कधी धरलंच नाही हिशोबात.
यंत्र नेलं त्या रात्री आवाज नाही म्हणून तिला जाग आली
आणि ती खाली येऊन
बराच वेळ फ्रिजला टेकून उभी राहिली.

दिवसाला आठ युनिट. मी पेन्सिलीनं वजा करत गेलो.
शाळेत वजाबाकी माझी बरी होती.
उरले सतराशे.
सतराशे घातले तशी यादी उलटली:
खालचं वर, वरचं खाली, तीस पौंडांचा फरक.

"म्हणजे तो असता तर आधीचं?"
हो.
"आणि पंच्याऐंशी वाचले असते."
हो.
"सांगायला हवं होतं त्याला. हॅडकच्या एका पेटीसाठी
धक्क्यावर अर्धा अर्धा तास हुज्जत घालायचा,
आणि घरी येऊन सगळे दिवे लावायचा."

सही केली. आडनावाच्या शेवटी पेन जरा अडलं.
चौदा दिवसांत विचार बदलता येतो,
मी नियमाप्रमाणे सांगितलं.
"आणि जुनं सोडायचा दंड?"
मुदत भरत आली की नसतो.
"बरं आहे," ती म्हणाली, मला नव्हे, डब्याला.

मग हीटरपाशी जाऊन हातमोजे घातले, सावकाश,
एकेक बोट.
मी वहीत लिहिलं: प्रॉक्टर, वीज, तीस पौंड.
गॅसचं पुढच्या गुरुवारी.
टेबलावर बटण राहिलं होतं.