मोड

सायखेडकरांनी डबी काट्यावर ठेवली.
आधी विचारलं, बाबा नाहीत का?
मग म्हणाले, बरं, तुम्हीच करा वजन.
एकशे बेचाळीस ग्रॅम, मळासकट.
घट किती धरायची ते बघायला झाकण उघडलं
तर आत चार माणसं,
एकेक बोराएवढं.

हस्तिदंत. त्याला मोडीचा भाव नाही
आणि विकायची बंदी.
हिऱ्याला लावते ते भिंग मी डोळ्याला लावलं.

पहिली बाई. नथीत सात मोती,
सातांवर सात तऱ्हांचा उजेड,
आणि डावा डोळा किंचित तिरका.
पाठीला चिकटवलेल्या कागदावर मोडीतल्या मुंग्या.
तारेगुरुजींना फोन केला. ते दहीपुलावरून चालत आले,
चष्मा कपाळावर सारून, कागद नाकाशी धरून वाचू लागले:
'गोजरा, गाणारी. डोळा सरळ काढावा, रावसाहेबांचा निरोप.
बाई म्हणते, आहे तसा असू दे,
मागच्या रांगेतल्याला वाटतं, मी त्याच्याकडेच बघते.'

दुसरी सीता.
म्हणजे लखू, तांबट आळीतला. ललितात सीता व्हायचा.
हनुवटीवर भाजल्याचा डाग,
चिताऱ्यानं सफेद्याखालूनही तो दिसू दिलाय.
मागे: 'उजवा कान ठोक्यांनी गेलेला.
हाक डावीकडून मारावी.'
गुरुजी थांबले. म्हणाले,
मग रावणानं यायचं कुठून?

तिसरा सोंगाड्या असावा.
दुतोंड्याच्या गळ्याशी पाणी लागलं त्या साली
सायखेडकरांचा तळमजला बुडाला होता.
तोंडाचा रंग फुगून पोपडा निघालाय,
उरलीय फक्त पगडी, मुद्दाम वाकडी.
अक्षरंही वाहून गेली. शेवटचं एक तेवढं राहिलं:
'उधार.'

चौथ्याला चेहराच नाही.
पांढऱ्यावर एक कान, कानात भिकबाळी,
खाली ढोलकीच्या शाईवर टेकलेली दोन बोटं.
'शके सतराशे चाळीस, वैशाख. गावावर नवं निशाण.
रावसाहेब कोणास भेटत नाहीत.
येणे बाकी साडेतीन रुपये.'

आमच्या सात पिढ्यांमागची डबी, सायखेडकर म्हणाले,
बाराबंदीच्या आत बाळगायचे म्हणे.
दिवाणखान्यात नाही लावली कधी?
ते हसले. दिवाणखान्यात?
अहो, ही माणसं ओटीपर्यंत यायची,
बिदागी घ्यायची, जायची.

मी पुन्हा भिंग लावलं.
डबीच्या एका बाजूचं नक्षीकाम घासून गुळगुळीत झालंय,
फासळीकडच्या.
घामानं गोजराची कड पिवळी पडलीय.
सीतेची त्याहून जास्त.

चोवीस ग्रॅम घट धरली. त्यांनी हुज्जत घातली नाही,
नोटा दोनदा मोजल्या.
ही चार चित्रं? मी विचारलं.
गंगेत सोडा, म्हणाले, तुमच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर आहे.

डबी दुसऱ्या दिवशी मुशीत गेली.
गंगेवर मी अजून गेलेले नाही.
जुन्या वजनांच्या खणात, गुंजांच्या पुडीशेजारी
चौघं पालथी पडलेली असतात. एकटी गोजरा उताणी.
खण ओढला की गिऱ्हाईक सोडून माझ्याकडे बघते.

काल हे गुरुजींना सांगितलं.
ते दारातच उभे होते, चप्पल काढत,
आणि तिथूनच, जरा रागावून, म्हणाले,
तुझ्याकडे कुठे?